जुन्या मोटारींचं प्रदर्शन आणि आठवीचा निबंध

'मी पाहिलेले प्रदर्शन' हा निबंधाचा विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपण शाळेत असताना तो लिहिला आणि आता दरवर्षी तपासतो. पन्नास वह्या घेतल्या तर पंचेचाळीस वह्यांत तेच विज्ञान प्रदर्शन, तोच मातीचा ज्वालामुखी, तीच पवनचक्की. शेवटचं वाक्य तर ठरलेलंच असतं, 'माझ्या ज्ञानात भर पडली.' कशात भर पडली ते काही कळत नाही. लेकरांचा दोष नाही यात. हिमायतनगरच्या लेकराला प्रदर्शन पाहायला मिळतं तरी कुठे? महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते, तिथली दुकानं, पाळणे, खेळणी एवढंच. म्हणून आठवीची सहल हैदराबादला न्यायची ठरली तेव्हा मी पोरांना आधीच सांगून टाकलं, यंदा विज्ञान प्रदर्शन लिहायचं नाही. जे बघाल ते लिहा.

भोकर, म्हैसा, निर्मळ असं करत बस हैदराबादेत पोचली. चारमिनार, सालारजंग म्युझियम, प्राणिसंग्रहालय हे नेहमीचं झालं. पण परत आल्यावर वह्यांमध्ये जे उतरलं ते होतं मोटारींबद्दल, आणि त्यातून वर्गात जो वाद सुरू झाला तो दोन महिने पुरला. तो इथे लिहून ठेवतोय, कारण तो मोटारींपुरता राहिला नाही.

पहिली मोटार चौमहल्ला राजवाड्यातली. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, १९११ साली रोल्स-रॉईस कंपनीकडे सिल्व्हर घोस्ट मोटार बनवायला सांगितली. पिवळा रंग, मागे उंचावर सिंहासनासारखी बैठक. मोटार तयार होऊन यायच्या आत निजाम वारले. मग ती मुलाच्या, म्हणजे मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. तेच आपले शेवटचे निजाम. १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मराठवाडा ज्यांच्या राज्यातून सुटला, ते. मोटार फक्त मिरवणुकीची, दरबारी थाटाची. त्यामुळे शंभर वर्षांत ती फार थोडी पळाली.

आता आमच्या गावाला जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. हिमायतनगर हे नाव निजामी राजवटीतलं. तेव्हा त्या पिवळ्या मोटारीकडे बघताना माझ्या मनात दुसरंच काही चाललं होतं. शेतसारा, वेठबिगार, रझाकारांच्या काळच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी. पोरांच्या डोक्यात त्यातलं काहीच नव्हतं. काचेला नाक लावून एकाने विचारलं, "सर, पळलीच नाही तर हिला गाडी कशाला म्हणायलेत?"

मला तो प्रश्न फार आवडला. उत्तर लगेच दिलं नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे बहादूरपुऱ्यातलं सुधा कार म्युझियम, प्राणिसंग्रहालयापासून जवळच. के. सुधाकर यादव या माणसाने शाळकरी वयापासून भंगारातल्या वस्तू गोळा करून गाड्या बनवल्या. क्रिकेटच्या चेंडूची गाडी, बॅटची गाडी, बर्गरची गाडी, पेन, पेन्सिल, उंच टाचेची चप्पल, कमोडसुद्धा! (कमोडच्या गाडीपुढे आमची पोरं किती वेळ हसत उभी होती ते विचारू नका.) आणि या गाड्या नुसत्या ठेवायच्या नाहीत, चालतात. २००५ साली त्यांनी जगातली सर्वांत मोठी तीनचाकी सायकल बनवली. उंची ४१ फूट ७ इंच. गिनीज बुकात तिची नोंद आहे. म्युझियम २०१० साली उघडलं.

सहलीहून आल्यावर वह्या तपासायला घेतल्या. राजाच्या रोल्स-रॉईसवर मोजून सहा जणांनी लिहिलं होतं. बाकी सगळे सुधाकररावांच्या गाड्यांवर तुटून पडले होते. एकाने लिहिलं होतं, 'राजाने पैसे दिले आणि गाडी आली. ह्या माणसाने गाडी केली.' व्याकरण तपासायला लाल पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं आणि वाक्याखाली रेघ ओढली.

मग वर्गात सांगितलं की जगात जुन्या मोटारींची जी प्रदर्शनं भरतात, त्यांच्यातही नेमके हेच दोन पंथ आहेत. पहिला पंथ जपणाऱ्यांचा. मोटार कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशीच हवी. रंग तोच, गादीचं कापड तेच, दिव्याची काचसुद्धा त्याच कंपनीची. परीक्षक वाकून वाकून बघतात आणि एखादा स्क्रू नवीन निघाला तरी गुण कापतात. (आम्ही शुद्धलेखनाचे कापतो तसे.) दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४ पासून चालू आहे. बडोद्यात आपल्या गायकवाडांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जानेवारी २०२३ मध्ये असंच मोठं प्रदर्शन भरलं होतं. इंग्रजांच्या मोजणीत १९१९ ते १९३० या काळातली मोटार ती 'व्हिंटेज'. आपल्या सरकारने २०२१ साली नियम केला, त्यात पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज धरतात, मात्र तिच्या मूळ ढाच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा. तिला नंबरही वेगळा मिळतो, त्यात 'व्हीए' ही अक्षरं असतात. रोजच्या कामाला ती वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

दुसरा पंथ बदलणाऱ्यांचा. त्यांची गाडी म्हणजे हॉट रॉड. हा शब्द आमच्या वर्गात कुणीच ऐकलेला नव्हता, मोबाईलवरच्या खेळात गाड्या पळवणाऱ्या पोरांनीही नाही.

गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची. हेन्री फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी नावाची दीड कोटी मोटारी बनवल्या. एवढ्या झाल्या की जुन्या मोटारी तिथे आपल्याकडच्या जुन्या सायकलीसारख्या स्वस्त झाल्या. गरीब घरची पोरं त्या घ्यायची आणि सोलायची. हो, सोलायचीच. मडगार्ड काढ, बॉनेट काढ, पुढची काच काढ, टप काढ. वजन कमी झालं की तेच इंजिन जास्त पळवतं. मग इंजिनात हात घालायचे. १९३२ साली फोर्डने स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन दिलं, तेव्हा तर या पोरांची दिवाळीच झाली. त्या सालच्या फोर्डला ते लाडाने 'ड्यूस' म्हणतात, म्हणजे दुरी, बत्तीसमधली. शर्यती लावायला जागा कुठली? वाळलेल्या तळ्यांचे सपाट तळ. म्युरोक नावाचं असं एक तळं होतं, मैलोनमैल सपाट.

मी हे सांगत होतो आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे शंकरपटाची छकडीच की!"

खरंच की. आपल्याकडे शंकरपट पाहिलेल्या माणसाला हॉट रॉड समजवावी लागत नाही. घरची बैलगाडी बघा, तिला साटा असतो, पाट्या असतात, कडबा भरायला जागा असते. पटाची छकडी बघा, नुसता सांगाडा. धुरकरी बसणार तेवढीच जागा, बाकी सगळं काढून टाकलेलं. अमेरिकेतल्या पोरांनी फोर्डचं जे केलं ते आपल्या बापजाद्यांनी बैलगाडीचं कधीच केलं होतं. पुस्तकात मी दहा वर्षं शोधलं असतं तरी एवढं नेमकं उदाहरण मला सापडलं नसतं. बैलांच्या हालांचा प्रश्न त्यात होता आणि आहे, तेही वर्गात बोललो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या होत्या आणि १८ मे २०२३ च्या निकालाने महाराष्ट्राच्या कायद्यानुसार, अटी घालून, त्या चालू राहिल्या. मोटारीला निदान चाबूक लागत नाही, असं एक मुलगी म्हणाली.

आता पालकांनी जरा लक्ष द्या, कारण पुढचं तुमच्या कामाचं आहे.

वाळक्या तळ्यावरची ही पोरं हळूहळू गावातल्या रस्त्यांवर शर्यती लावू लागली. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यातून मोटारींचं काम शिकलेले तरुण परतले, हातात थोडा पैसा, आणि रात्री रस्त्यावर नुसता धुमाकूळ. माणसं मेली. पेपरवाल्यांनी 'हॉट रॉड' ही शिवीच करून टाकली. तेव्हा त्यांच्यातल्याच काही जाणत्यांनी ठरवलं की लोकांना दाखवायचं, आम्ही गुंड नाही, कारागीर आहोत. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी स्वतःच्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. त्याच महिन्यात रॉबर्ट पीटरसन यांचं 'हॉट रॉड' मासिक निघालं. पुढे १९५१ साली वॉली पार्क्स यांनी एक संघटना उभी केली. पळायचंय ना? मग रस्त्यावर नाही, ठरलेल्या पट्टीवर पळा. गाडी आधी तपासून घेऊ, ब्रेक बघू, डोक्याला हेल्मेट घाला, आणि मग सोडू. आपल्याकडेही मोटार शर्यती जुन्या विमानतळांवरच व्हायच्या, मुंबईला जुहूला, चेन्नईजवळ शोलावरमला. धावपट्टी सरळ, मध्ये ना म्हैस येणार ना शाळेतून सुटलेलं लेकरू.

आमच्या रस्त्यावर संध्याकाळी उभं राहून बघा. बुलेटचा सायलेन्सर काढून फटाके वाजवत जाणारे, एका मोटारसायकलवर तिघं, त्यातला चालवणारा नववीतला. चौदा वर्षांच्या पोराला किल्ली देणाऱ्या बापाला ठाऊक असो नसो, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीच्या मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करायलाही कायद्याची मनाई आहे. हे मी वर्गात वाचून दाखवलं. पोरं गप्प झाली. दंडापेक्षा एक सोपं गणित त्यांच्या जास्त डोक्यात बसलं. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अंतर चौपट लागतं. फळ्यावर काढून दाखवलं. वीसच्या वेगाला चार पावलं लागत असतील तर चाळीसला सोळा. मग शाळेच्या फाटकापासून चहाच्या टपरीपर्यंतची पावलं मोजायला दोघांना पाठवलं.

आणि आता त्या मुलाबद्दल. त्याचं नाव लिहीत नाही.

त्याच्या निबंधात हैदराबाद दोन ओळींत संपलं होतं. बाकी दीड पान त्याच्या चुलत्याच्या गॅरेजमागे उभ्या असलेल्या जीपवर. आजोबांची जीप, महिंद्राची, जुन्या विलीज बनावटीची, उंच बॉनेटवाली. बॉनेट उंच का? तर आधीच्या जीपपेक्षा हिचं इंजिन उंच आहे, वरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेलं, ते आत मावावं म्हणून बॉनेटच उचललं. हे त्याने लिहिलं होतं, आठवीतल्या मुलाने. 'इंजिन'ला वेलांटी चुकीची, 'व्हॉल्व्ह' तर तीन ठिकाणी तीन प्रकारे. पण माहिती बरोबर. हा मुलगा वाचनात मागे आहे, परिच्छेद वाचताना अडखळतो, सहामाहीला मराठीत काठावर पास झालेला.

त्याचं म्हणणं असं की जीपचे टायर रुंद आणि मोठे करायचे, टप कायमचा काढायचा, पुढे लोखंडी गार्ड लावायचा. आजोबा म्हणत होते, "हाय तशी ऱ्हाऊ द्या, माझ्या बापानं घेतलेली हाय." चुलता म्हणत होता, भंगारवाला आलाय, देऊन मोकळं होऊ. एकाच गॅरेजमागे जपणारा पंथ, बदलणारा पंथ आणि विकणारा पंथ, तिन्ही!

आणि या सगळ्यात मुलाचा बाप एके दिवशी शाळेत आला. उन्हातून आलेला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा ह्याला. दिसभर त्या ग्यारेजावर पडून ऱ्हायलंय. हात काळे, कपडे काळे. पुस्तकाला शिवंना. आमी तर पानेच आवळले जन्मभर, ह्यानंबी तेच करायचं का?"

हा प्रश्न ज्या शिक्षकाला कुणी विचारला नाही त्याने गावात नोकरीच केली नाही असं समजावं. त्या बापाला 'मुलाची आवड जोपासा' असं पुस्तकी वाक्य ऐकवणं मला जमलं नसतं. पाने आवळून पाठ गेलेला माणूस आहे तो. त्याला आवडीचं काय सांगायचं? मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची. लहानसं वर्कशॉप, पोराने गाडी मागितली, म्हणून भंगारातलं सामान जमवून साठेक हजारांत चारचाकी बनवली, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही, रस्त्यावर चालू देणार नाहीत, हे त्यांनीच स्पष्ट लिहिलं, पण त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने बोलेरो घेतली आणि त्यांची गाडी कंपनीकडे गेली. मला यातलं बक्षीस सांगायचं नव्हतं. बोलेरो सगळ्यांना मिळत नसते. सांगायचं एवढंच होतं की हाताला अक्कल असते, आणि ती नियमात बसवायची तर कागद शिकावा लागतो.

दुसरी गोष्ट साधी. आयटीआयला 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' नावाचा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याला दहावी पास लागते. दहावीशिवाय गॅरेजात पोरगा 'ए छोटू' राहतो. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे शाळा सुटू द्यायची न्हाई, आन् ग्यारेज बी."

त्यानंतर मी त्या जीपचाच धडा केला. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका शनिवारी वर्ग गॅरेजमागे नेला. चाकाला दोरा गुंडाळून परीघ मोजला, सव्वादोन मीटर आला. म्हणजे एक किलोमीटरला चाक सुमारे ४४४ वेळा फिरणार. आता त्या मुलाला हवा होता तसा, ८० सेंटीमीटर व्यासाचा टायर घातला तर? परीघ साधारण २५१ सेंटीमीटर. मीटरला मात्र ते ठाऊक नाही. तो चाकाचे फेरेच मोजतो. म्हणजे काटा साठ दाखवेल तेव्हा जीप खरी सदुसष्टने पळत असेल. हा हिशेब वर्गात सगळ्यांत आधी कुणी केला असेल? त्यानेच. वाचताना अडखळणारा तो मुलगा दोरा हातात धरून बाकीच्यांना समजावत होता, आणि त्याला एकदाही थांबवावं लागलं नाही. मग स्वतःच म्हणाला, "सर, टायर मोठा आन् ब्रेक तेच, तर थांबल कशी?"

मोठ्या टायरचा विषय त्या दिवशी तिथेच मिटला.

निबंधाचं म्हणाल तर मी त्याला पुन्हा लिहायला लावला. दोनदा. 'व्हॉल्व्ह' नीट लिहीपर्यंत. गॅरेजच्या पाटीवर स्पेलिंग चुकलं तर गिऱ्हाईक हसतं, हे कारण त्याला पटलं. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात या वर्षी ज्वालामुखीशेजारी त्याचं टेबल होतं. जुना कार्बोरेटर उघडून मांडलेला, प्रत्येक भागापुढे चिठ्ठी, चिठ्ठीवर त्याचं अक्षर. बघायला आलेल्या बायाबापड्यांना तो सांगत होता, हवा इथून येते, पेट्रोल इथून, आणि दोन्ही इथं मिसळतात. त्याचा बाप कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. कुणी विचारलं तर म्हणत होता, "आमचंच हाय."

ज्या शिक्षकांना हा धडा घ्यायचा असेल त्यांनी हैदराबाद शोधत बसू नये. प्रत्येक गावात एक जुनी जीप, एखादी अँबॅसिडर, निदान एखादी राजदूत कुठेतरी चिंचेखाली उभी असतेच. अँबॅसिडर १९५७-५८ पासून बनायला लागली आणि २०१४ साली बंद पडली. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. ती ज्या कंपनीची, त्या प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळचे आपल्या सोलापूरचे. एवढ्या दोन-तीन वाक्यांतून इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र तिन्ही निघतात. मोजायला दोरा आणि पट्टी पुरते. जाण्याआधी गाडीमालकाची परवानगी घ्या, बॅटरीची वायर काढलेली आहे का ते बघा आणि स्टिअरिंगवर कुणाला बसू देऊ नका. बसायची सगळ्यांनाच हौस असते, हेडमास्तरांनाही.

जीप अजून विकलेली नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. आजोबांच्या पेटीत आरसी बुक सापडलं, पण पानं वाळवीने खाल्लेली, नोंदणीचं साल अर्धवट दिसतं. पन्नास वर्षं भरली की नाही ते परिवहन कार्यालयातल्या नोंदीवरून कळेल. अर्ज मुलानेच लिहिलाय. 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत तपासून दिला मी. एकच चूक निघाली, ती त्याने तिथेच उभ्या उभ्या दुरुस्त केली.